शिक्का कोणाचा, जबाबदारी कोणाची? दागिन्यांवरच्या खुणांचा इतिहास

आजचा विषय आकाराने फार लहान आहे. अंगठीच्या आतल्या बाजूला, पाटलीच्या कडेला, गंठणाच्या कडीवर एक बारीक खूण असते. भिंग घेतल्याशिवाय ती धड वाचताही येत नाही. ९१६, कधी के.डी.एम., कधी दुकानाच्या नावाची दोन अक्षरं, आणि अलीकडच्या दागिन्यांवर सहा अक्षर-आकड्यांची एक ओळ. या खुणांचा इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे. परभणी जिल्ह्यातल्या घराघरांत जे डाग आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू, मधे लंडनला जाऊ, अमेरिकेतल्या कॉलेजच्या अंगठ्यांकडे वळू आणि परत सराफ्यात येऊ.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दागिन्यावरचा शिक्का आपण घेताना बघतो, पण तो खरा कामाला येतो विकताना. आणि शिक्क्याला किंमत असते ती त्याच्यामागे कोण उभं आहे यावरून. मागे जबाबदार माणूस किंवा संस्था नसेल, तर तो शिक्का म्हणजे नक्षीच.

शिक्के नव्हते तेव्हा काय होतं? कस होता. ‘कसाला लावणे’, ‘कसोटीचा प्रसंग’, ‘बावनकशी माणूस’ हे सगळे शब्द आपण सोनाराच्या दुकानातूनच उचलले आहेत. कसोटी म्हणजे काळा, गुळगुळीत दगड. त्यावर दागिना घासायचा, शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढायची, रंगाला रंग लावून बघायचा. मग तेजाबाचा थेंब टाकायचा. हलकं सोनं असेल तर रेघ फिकी पडते, चांगलं असेल तर टिकते. ही विद्या जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्याच्या अधिकाऱ्याचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि सोन्याचे सोळा वर्ण, म्हणजे सोळा दर्जे, सांगितले आहेत. उत्तम कसोटीचा दगड कुठला, तर कलिंग देशातला किंवा तापी नदीतला, मुगाच्या रंगाचा, असंही तिथं म्हटलं आहे. तापी म्हणजे आपल्या खानदेशातून वाहणारी नदी. आणि त्याच प्रकरणात फसवायची युक्तीही नोंदवली आहे: नखाच्या आड गेरूची पूड धरून रेघेचा रंग बदलणं. म्हणजे कसोटी जितकी जुनी, तितकीच तिच्यावरची लबाडीही जुनी.

पुढे मोगल काळात अबुल फजलाने आईन-ए-अकबरीत अशीच पद्धत वर्णिली आहे. इराणात शुद्धतेचे दहा अंश धरतात, हिंदुस्थानात बारा, म्हणून इथल्या उत्तम सोन्याला ‘बारहबानी’ म्हणतात, असं तो सांगतो. सोळा वर्ण, बारा बान, बावन कस. मोजपट्टी बदलत गेली, पण पद्धत एकच राहिली. दगड, रेघ आणि बघणाऱ्याचा डोळा.

या पद्धतीची अडचण लक्षात घ्या. कस बघणारा डोळा सराफाचा होता आणि घेणाराही सराफच होता. रेघ ओढून तो म्हणाला ‘हलकं आहे’, तर समोरच्याला उत्तर नव्हतं. गाव लहान, सोनार पिढीजात ओळखीचा, त्याची अब्रू हीच हमी. बहुतेक वेळा ती पुरायची. पण ही हमी गावाच्या वेशीपर्यंतच चालायची. जिंतूरच्या सोनाराने घडवलेली सरी नांदेडला मोडायला नेली, की तिथं त्या सोनाराच्या शब्दाला काही वजन नसायचं.

वेशीबाहेर चालणारी हमी त्या काळात एकाच वस्तूवर असायची, ती म्हणजे नाणं. म्हणून तर आपल्या बायकांच्या गळ्यात नाणी आली. पुतळ्यांची माळ घ्या. मराठी कागदपत्रांत ‘पुतळी’ हे एका नाण्याचं नाव आहे. ते नाणं म्हणजे इटलीतल्या व्हेनिस शहराचं डुकाट. १२८४ पासून व्हेनिसचं गणराज्य १७९७ मध्ये संपेपर्यंत हे नाणं पडत राहिलं. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राजप्रमुख, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या वर्तुळात येशू. आपल्या लोकांना त्यात बाहुल्या दिसल्या, म्हणून ती पुतळी. मग सोनारांनी त्याच्या नकला केल्या. लॅटिन अक्षरं कळत नव्हती, म्हणून नकलांवर नुसत्या रेघोट्या आल्या. पुढे येशू आणि मार्क गेले, राम-लक्ष्मण-सीता आले, लक्ष्मी आली. शिक्का होता तोवर ती व्हेनिसच्या टांकसाळीची हमी होती. नक्कल झाली तेव्हा तो फक्त आकार उरला. आज तुमच्या घरातल्या पुतळीवरचं चित्र सोन्याबद्दल काहीही सांगत नाही. एके काळी तेच सगळं सांगत होतं.

दुसरं उदाहरण अगदी आपल्या भागातलं. परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाचा रुपया वेगळा, त्याचं नाव हाली सिक्का. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यावर चारमिनारचं चित्र आलं. इंग्रजांचा रुपया तो ‘कलदार’. जुनी माणसं अजून सांगतात, ‘इतके हाली, इतके कलदार’. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब चालायचा. हा हिशेब सरकारच्या लहरीने ठरलेला नव्हता. हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी हजारी ८१८. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी हजारी ९१६. गुणाकार करून बघा. एकात सव्वानऊ ग्रॅमला थोडी कमी चांदी, दुसऱ्यात पावणेअकराला थोडी कमी. प्रमाण बरोबर सहास सात येतं. शिक्का वाचता आला की आतला धातू कळतो, तो असा. मात्र १९४० नंतर युद्धाच्या काळात कलदारातली चांदी निम्म्यावर आणली गेली. म्हणजे माळेत ओवलेला राणीछाप रुपया आणि १९४३ चा रुपया मोडीत सारखे नाहीत. साल हाही शिक्क्याचाच भाग आहे.

तिसरं नाणं म्हणजे गिनी. आपण ‘गिनी सोनं’ म्हणतो, ते इंग्रजांच्या सॉव्हरिन या नाण्यावरून. वजन ७.९८८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट, म्हणजे हजारात ९१६.६७ भाग. आज प्रत्येक दागिन्यावर जो ९१६ आकडा दिसतो, तो हाच. २४ पैकी २२ भाग सोनं, बाकी दोन भाग तांबं-चांदी, कारण निव्वळ सोनं फार मऊ असतं. इंग्लंडमध्ये २२ कॅरेटचं नाणं आठव्या हेन्रीच्या काळापासून, १५२६ पासून, आहे. आणि १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धामुळे सोनं जहाजाने नेणं-आणणं धोक्याचं झालं, तेव्हा मुंबईच्या टांकसाळीत सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडले गेले. त्यांच्यावर सालाच्या वर इंग्रजी ‘आय’ हे एक बारीक अक्षर आहे, इंडियाचं. कुणाच्या घरी १९१८ ची गिनी असेल तर भिंगाने बघा. फक्त कानाच्या कड्या झाळून तिचा लॉकेट केला असेल, तर संग्राहक तिला जास्त पैसे देत नाहीत, ती निव्वळ सोन्याच्या भावात जाते.

नाण्याची हमी राजाची. मग दागिन्याची हमी कोण देणार? हा प्रश्न युरोपात फार लवकर विचारला गेला. १३०० मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने कायदा केला की सोन्याचा माल पॅरिसच्या कसापेक्षा हलका नसावा. तिथंही शब्द कसाचाच आहे बरं का. आणि तपासलेल्या चांदीवर बिबट्याच्या तोंडाचा शिक्का मारावा. १३६३ मध्ये घडवणाऱ्या कारागिराची स्वतःची खूण सक्तीची झाली. १४७८ पासून माल लंडनच्या सोनार-मंडळाच्या इमारतीत, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, आणून तपासून घ्यायचा आणि त्यावर त्या वर्षाचं अक्षर मारायचं, असा नियम झाला. हॉलमध्ये मारलेली खूण, म्हणून ‘हॉलमार्क’. वर्षाचं अक्षर कशासाठी? दागिना किती जुना हे कळावं म्हणून नव्हे. पुढे खोट निघाली तर त्या वर्षी तपासणीला कोण बसलं होतं हे कळावं म्हणून. सुमारे साडेपाच शतकांपूर्वी त्या लोकांनी ओळखलं होतं की शिक्का म्हणजे जबाबदार माणसाचं नाव.

आता अमेरिकेकडे वळू. परभणीच्या व्याख्यानात अमेरिका कशाला, असं वाटेल. पण आपल्या जिल्ह्यातली मुलं तिकडे शिकायला जातात, नातवंडं तिकडच्या शाळेत वाढतात, आणि कधीतरी घरात एक जाडजूड अंगठी येते. मधोमध निळा किंवा लाल खडा, भोवती शाळेचं नाव, बाजूला उत्तीर्ण झाल्याचं साल, आत मुलाचं नाव कोरलेलं. तिकडे याला वर्गाची अंगठी म्हणतात. ही प्रथा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८३५ च्या तुकडीने सुरू केली. सराफाकडे ती नेली की पहिला प्रश्न येतो, ‘यात सोनं किती?’

उत्तर अंगठीच्या आत आहे. १० के असेल तर २४ पैकी १० भाग, हजारी ४१७. १४ के असेल तर ५८५. आपल्याकडे रोजच्या व्यवहारात १० कॅरेट नाही, म्हणून सराफ ती हातात घेऊन नाक मुरडतो. पण ते खोटं सोनं नव्हे, भेसळ सांगून केलेलं सोनं आहे. हिशेब करू. अंगठी १५ ग्रॅमची, खडा दोन ग्रॅमचा. उरले १३ ग्रॅम. त्याचे हजारी ४१७, म्हणजे सुमारे ५.४ ग्रॅम शुद्ध सोनं. आपल्या २२ कॅरेटच्या भाषेत सहा ग्रॅमला थोडं कमी. खडा बहुतेक वेळा कृत्रिम असतो, त्याचे पैसे धरू नका.

आता फसगतीची जागा. ‘जी.पी.’ किंवा ‘एच.जी.ई.’ असेल तर तो मुलामा. ‘जी.एफ.’ असेल तर हलक्या धातूवर सोन्याचा जाड पत्रा चढवलेला. आपल्याकडच्या ‘एक ग्रॅम सोन्याच्या’ दागिन्यांचे हे लांबचे भाऊ. काही अंगठ्यांवर ‘सिलॅडियम’सारखं भारी नाव असतं, त्यात मोलाचा धातू नसतोच. पण ‘१४ के पी’ असेल तर लोक ‘पी’ म्हणजे मुलामा समजून ती फुकापासरी देऊन टाकतात. तिथं ‘पी’चा अर्थ नेमका उलटा आहे: आकडा तंतोतंत भरलेला. याच्यामागे इतिहास आहे. अमेरिकेने १९०६ मध्ये धातूंच्या शिक्क्यांचा कायदा केला, पण त्यात अर्ध्या कॅरेटची सूट होती. झाळलेल्या मालाला त्याहून जास्त. म्हणजे १४ चा शिक्का आणि सोनं साडेतेराचं, तरी कायदेशीर. ज्याचा माल पूर्ण भरायचा तो अभिमानाने ‘पी’ लावायचा. ही सूट १९८१ पासून जवळजवळ बंद झाली. आणि १९६१ च्या दुरुस्तीनंतर कॅरेटच्या आकड्याशेजारी बनवणाऱ्याची नोंदलेली खूण असणं बंधनकारक झालं. पुन्हा तेच: नुसता आकडा चालणार नाही, मागे नाव पाहिजे.

अंगठीची किंमत एवढीच का? बाजारात, एवढीच. मुलाचं नाव, शाळेचं नाव, साल, यांचे पैसे सराफ देत नाही, उलट ते वितळवायचेच असतात. ऑलिम्पिकचं सुवर्णपदकही १९१२ नंतर निव्वळ सोन्याचं राहिलेलं नाही. ते चांदीचं असतं, वरून थोडं सोनं. म्हणून त्याचा मान कमी झाला का? वेस्ट पॉइंटमध्ये तर २००० नंतर नवी रीत पडली: जुन्या पदवीधरांच्या अंगठ्या वितळवून ते सोनं नव्या तुकडीच्या अंगठ्यांत मिसळतात. आपल्याकडे आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या करतात, ती भावना याहून वेगळी नाही. आठवण ठेवायची असेल तर शिक्का बघू नका. विकायचं असेल तर फक्त शिक्का आणि वजन बघा. दोन्ही हिशेब एका पारड्यात घातले की माणूस दुखावतो.

अमेरिकेतलं १४ कॅरेट एकदा आपल्यावरही लादलं गेलं होतं, हे आज फार लोकांना आठवत नाही. चीन युद्धानंतर, १० जानेवारी १९६३ पासून, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा घडवायचा नाही. हेतू सोन्याची हाव आणि चोरटी आयात कमी करण्याचा. झालं असं, की लोकांनी १४ कॅरेटला हात लावला नाही आणि हातावर पोट असलेले सोनार उघड्यावर आले. देशभरातून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. १९६६ मध्ये १४ कॅरेटचं बंधन गेलं, १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. या जवळजवळ तीन दशकांत सरकारने कुणाकडे किती सोनं आहे याची नोंद मागितली. पण दागिन्यात सोनं किती आहे याची हमी गिऱ्हाइकाला दिली नाही. ती हमी यायला २००० साल उजाडलं.

भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्क योजना २००० मध्ये सुरू झाली, चांदीसाठी २००५ मध्ये. सुरुवातीला पाच खुणा होत्या: ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, तपासणी केंद्राची खूण, सराफाची खूण आणि वर्षाचं अक्षर. २००० साठी ‘ए’, पुढे क्रमाने. लंडनची १४७८ ची कल्पना आपल्याकडे अशी पोचली. २०१७ पासून वर्षाचं अक्षर गेलं. तोवर सगळं ऐच्छिक होतं. जून २०२१ हा महिना लक्षात ठेवा. तेव्हापासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत सक्ती सुरू झाली, जिथं तपासणी केंद्र होतं तिथं आधी. पुढे टप्प्याटप्प्याने जिल्हे वाढले. १ जुलै २०२१ पासून तीनच खुणा राहिल्या: चिन्ह, ‘२२के९१६’ असा दर्जा, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एच.यू.आय.डी., म्हणजे त्या एका दागिन्याचा स्वतःचा क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून सक्ती असलेल्या ठिकाणी या क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमखालच्या वस्तू आणि ४० लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेले छोटे सराफ यातून वगळले आहेत. ही दुसरी सूट तालुक्याच्या गावांना महत्त्वाची आहे.

हा क्रमांक मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकता येतो. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता, दागिन्याचा प्रकार, सगळं दिसतं. ॲप म्हणालं ‘बांगडी’ आणि हातात अंगठी असेल, तर कुणीतरी क्रमांक उचललेला आहे. आणि खोट निघाली तर जितकी शुद्धता कमी, त्या फरकाच्या दुप्पट भरपाई अधिक तपासणीचा खर्च, अशी नियमात तरतूद आहे. पावती मात्र जपून ठेवली पाहिजे. आणि के.डी.एम. म्हणजे शुद्धता नव्हे, हेही सांगून ठेवतो. कॅडमियम मिसळून झाळण्याची ती पद्धत होती. तिचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना घातक ठरला.

आता मुद्द्याचं बोलू. आपल्या जिल्ह्यात सोनं हा शौक कमी आणि विमा जास्त आहे. पाऊस गेला, बोंडअळी आली, दवाखाना निघाला, मुलीचं लग्न ठरलं, की बाईच्या अंगावरचा डाग उतरतो. १९७२ च्या दुष्काळात उतरला, पुढेही उतरत राहिला. म्हणजे दागिना विकला जातो तो माणसाच्या सगळ्यात वाईट दिवशी, घाईत, आणि बहुधा एकाच दुकानात. त्या दिवशी तिच्या हातात काय असतं? वीस-तीस वर्षांपूर्वीची बोरमाळ. शिक्का नाही, असला तर बंद पडलेल्या दुकानाची दोन अक्षरं. मण्यांच्या पोटात लाख भरलेली, ती वजनातून वजा. वर घट. रेघ ओढून जो आकडा सांगितला जाईल तो घ्यायचा. घेताना तिने लाखेसकट वजनाचे आणि मजुरीचे पैसे दिले होते, हे कुणी विचारत नाही.

सगळे सराफ फसवतात, असं आम्ही म्हणत नाही. आमचं म्हणणं इतकंच, की खरं बोलणाऱ्या सराफालाही ते सिद्ध करता येत नाही आणि बाईलाही पडताळता येत नाही. शिक्का हवा तो या दोघांच्या मधे.

यावर आज करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. जुना, बिनशिक्क्याचा दागिना घरात ठेवणं किंवा सराफाला विकणं यात बेकायदा काही नाही. सक्ती दुकानदाराच्या विक्रीवर आहे, तुमच्यावर नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये जाहीर केलं की सामान्य ग्राहकही मान्यताप्राप्त केंद्रात आपला दागिना तपासून घेऊ शकतो. तेव्हा चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क ठरलं होतं. हे काम अडचणीच्या दिवशी नव्हे, आधीच्या एखाद्या निवांत दिवशी करून अहवाल डब्यात ठेवावा. गहाण ठेवताना वजन, लाख, शुद्धता पावतीवर लिहून घ्यावी. २०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं सावकारी कर्ज फेडायची योजना आणली, तीसुद्धा परवानाधारक सावकाराकडच्या कर्जापुरती होती. ज्याचा व्यवहार कागदावरच नव्हता, त्याला सरकारी योजनेचा काय उपयोग? पावती हाही एक शिक्काच आहे.

तापीच्या दगडापासून सहा अक्षरांच्या क्रमांकापर्यंत आपण आलो. साधनं बदलली, प्रश्न तोच आहे: हे सोनं खरं आहे असं कोण म्हणतं, आणि खोटं निघालं तर भरून कोण देणार? दिवाळी-पाडव्याला दुकानात बसल्यावर भाव आणि मजुरी यांच्याबरोबर हा प्रश्नही विचारा. उत्तर दागिन्यावर कोरलेलं असेल तर ते वीस वर्षांनी, कुठल्याही गावात, तुमच्या सुनेला किंवा लेकीला वाचता येईल.

इथं थांबतो. काही शंका असतील तर त्यावर आता बोलू.